न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरताना ‘प्रवर्ग’ या रकान्यात ‘इतर मागासवर्ग’ निवडले, की खाली लगेच नवे रकाने उघडतात: जातीच्या दाखल्याचा क्रमांक, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, त्याची मुदत. ‘अनुसूचित जमाती’ निवडले तर नॉन-क्रीमीलेअर विचारायचे कारणच उरत नाही, ती अट त्यांना लागू नाही. ‘खुला’ म्हटले तर हे सगळेच रकाने नाहीसे होतात. कागदी अर्जात हे काम ‘लागू असल्यास’ एवढ्या दोन शब्दांवर भागवले जाई आणि आपल्याला काय लागू आहे ते अर्जदारानेच शोधायचे असे. तो भार आता अर्जाने उचलला, ही मोठी सोय आहे. मात्र तिच्याबरोबर एक बंधनही येते. जो प्रश्न समोर नाही, त्याच्या उत्तरासाठी कुणाला अडवायचे नाही.

हे बंधन मोडते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, एका मुलीने चुकून ‘इतर मागासवर्ग’ निवडले, चूक लक्षात येताच ‘खुला’ केले. प्रमाणपत्राचा रकाना पडद्यावरून गेला, पण त्यावरची ‘अनिवार्य’ ही अट तशीच राहिली. ब्राउझरच्या लेखी रकाना नुसता लपवला म्हणजे तो तपासणीतून सुटत नाही; त्यासाठी तो निष्क्रिय करावा लागतो किंवा त्याची अट काढावी लागते. आता ती ‘सबमिट’ दाबते आणि काहीच घडत नाही. चूक जिथे दाखवायची तो रकानाच दिसत नाही, मग लाल अक्षरे उमटणार कुठे? उलटही होते: आधी लिहिलेला दाखल्याचा क्रमांक लपलेल्या रकान्यात राहतो आणि खुल्या प्रवर्गाच्या अर्जासोबत निमूट पुढे जातो. दोन्ही दोषांचे मूळ एकच. रकाना दाखवण्याचा नियम एकीकडे लिहिलेला असतो, तपासण्याचा दुसरीकडे. नियम एकदाच लिहावा आणि दोन्ही कामे त्यावरूनच चालावीत, हा यावरचा उपाय. जिल्हा-तालुका-गाव या क्रमालाही तेच लागू. कुणी सातारा जिल्हा आणि कराड तालुका निवडून मग जिल्हा सांगली केला, तर तालुका रिकामा झालाच पाहिजे. पण त्याबरोबर आधी भरलेले नाव आणि मोबाइल क्रमांकही पुसले गेले, तर तो अर्जदारावर अन्याय आहे.

ब्राउझरने सगळे तपासले, मग सर्व्हरवर पुन्हा कशाला, असे विचारले जाते. १९९५मध्ये जावास्क्रिप्ट आली, तोवर बारीकशी चूकही सर्व्हरकडे जाऊन आल्यावरच कळे. तो हेलपाटा तिने वाचवला. पण ब्राउझर अर्जदाराच्या हातात असतो आणि तिथली तपासणी कुणालाही टाळता येते. तिथे होते ती सोय. खात्री सर्व्हरवरच करावी लागते, आणि तीही निवडलेल्या प्रवर्गाचेच नियम लावून.

तपासणी जितकी कडक तितकी माहिती चोख, हा दुसरा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. पॅनमध्ये पाच अक्षरे, चार अंक आणि शेवटी एक अक्षर असते. पिनकोड सहा आकडी असतो. तिथे कडकपणा योग्यच. नावाला असा साचा नाही. आडनाव न लावणाऱ्या माणसापुढे आडनावाचा रकाना अनिवार्य केला, तर तो टिंब देतो किंवा नावच पुन्हा लिहितो. म्हणजे तपासणीनेच त्याला खोटी माहिती द्यायला लावलेले असते.

रकाने टप्प्याटप्प्याने उघडले तर कोणती कागदपत्रे लागणार हे आधी कळत नाही आणि सेतू केंद्रावर दुसरी खेप पडते, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. म्हणून प्रवर्गानुसार कागदपत्रांची यादी पहिल्याच पानावर हवी आणि अर्धा अर्ज जतन करण्याची सोयही हवी. अंध अर्जदार स्क्रीन रीडरच्या मदतीने अर्ज भरतात. नवा रकाना उघडल्याचे त्यांना ऐकू आले पाहिजे.

असे अर्ज बनवून घेणाऱ्या कार्यालयांना एक विनंती. अर्ज खुला करण्यापूर्वी ‘इतर मागासवर्ग’ निवडा, दाखल्याचा क्रमांक अर्धवट लिहा, मग ‘खुला’ करून ‘सबमिट’ दाबा. अर्ज अडला किंवा तो अर्धवट क्रमांक घेऊन पुढे गेला, तर तारीख पुढे ढकला, पण तसा अर्ज लोकांपुढे ठेवू नका.