घटक ४ : शाळा व्यवस्थापन समितीचा वार्षिक अहवाल – रचना आणि भाषा

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• शाळा व्यवस्थापन समितीच्या अहवालामागील कायदेशीर भूमिका सांगता येईल.
• अध्ययन-प्रगती, जमाखर्च आणि लोकसहभाग या अहवालाच्या तीन अंगांचे लेखन करता येईल.
• अहवालाच्या भाषेत कर्ता, प्रमाण आणि बोली यांचे स्थान ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण इतिवृत्त आणि अहवाल यांतील भेद पाहिला. इतिवृत्त एका सभेपुरते असते, तर अहवाल एका कालखंडाचा हिशेब देतो. या घटकात आपण प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीचा वार्षिक अहवाल अभ्यासणार आहोत. आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत, काही जण अशा समितीचे सदस्यही असतील. तेव्हा हा घटक परीक्षेपुरता नाही. येत्या पालकसभेतही तो उपयोगी पडावा.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात या अहवालाला वेगळे महत्त्व आहे. कार्यालयीन अहवाल बहुधा एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. दोघांचीही परिभाषा एकच असते. शाळेचा अहवाल मात्र मुख्याध्यापक लिहितात आणि तो मोलमजुरी करणारी आई, रिक्षाचालक वडील किंवा शेतमजूर आजोबा ऐकतात. त्यांना तो कळला नाही, तर कायद्याने दिलेला प्रश्न विचारण्याचा अधिकार कागदावरच राहतो.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ समितीची पार्श्वभूमी

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा वगळता अन्य शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक ठरली. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून वा अन्य मार्गाने आलेल्या निधीच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही समितीची मुख्य कामे होत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतील समितीचे कार्य सल्ल्यापुरते राहिले. महानगरपालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत मात्र ती पूर्ण अधिकारांची आहे. महाराष्ट्रात समितीचे अध्यक्षपद पालकाकडे आणि सचिवपद मुख्याध्यापकाकडे असते.

शाळेच्या निर्वाहात समाजाला सहभागी करून घेण्याचा विचार नागपूरला नवा नाही. हे शहर मध्य प्रांताची राजधानी असताना, १९३७ नंतरच्या काळात, रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना पुढे आणली. गावाने दान केलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, हे तिचे सूत्र होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये जवळच्याच वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला, त्याच वातावरणातील ही योजना. भाषेच्या अभ्यासकाने तिच्यातील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. योजनेच्या 'विद्यामंदिर' या नावालाच मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. शाळा सर्वांची असेल, तर तिचा शब्दही सर्वांना आपला वाटावा लागतो.

४.३.२ अध्ययन-प्रगतीची नोंद

अहवालाचे पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे अंग म्हणजे मुले काय शिकली, हे सांगणे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. वर्षभर दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय यांतून होणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राअखेर होणारे ते संकलित मूल्यमापन. गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी देण्यात येऊ लागल्या.

श्रेणी शिक्षकाला उपयोगी असते, परंतु 'ब-२' म्हणजे मुलीला काय येते, हे आईला त्यातून कळत नाही. म्हणून अहवालात श्रेणीला कृतीची जोड द्यावी. पुढील दोन नोंदी पाहा :

(अ) इयत्ता तिसरीची वाचनातील प्रगती समाधानकारक आहे.
(आ) तिसरीच्या वर्गात २४ मुले आहेत. ऑगस्टमध्ये त्यांपैकी ६ मुले गोष्ट वाचत होती, ७ परिच्छेदापर्यंत, ८ शब्दांपर्यंत आणि ३ अक्षरांपर्यंत पोहोचली होती. मार्चमध्ये १३ मुले गोष्ट वाचतात, ६ परिच्छेद, ४ शब्द आणि १ मूल अक्षरे वाचते.

(दोन्ही नोंदी आणि पुढील जमाखर्च अध्ययनासाठी रचलेले आहेत.)

पहिल्या वाक्यावर कोणालाही प्रश्न विचारता येत नाही, कारण 'समाधानकारक' या विशेषणात समाधान कोणाचे, हेच सांगितलेले नाही. दुसऱ्या नोंदीत यश दिसते आणि उरलेले कामही दिसते : गोष्ट वाचणारी मुले ६ वरून १३ झाली, पण ५ मुले अजून परिच्छेदापर्यंत आलेली नाहीत. 'या पाच मुलांसाठी उन्हाळ्यापूर्वी काय करणार?' हा प्रश्न आता सभेत कोणीही विचारू शकतो. चांगल्या अहवालाने असा प्रश्न सुचवावा.

येथे एक पथ्य पाळावे. वर्गाची माहिती आकड्यांत द्यावी, मुलांची नावे घेऊ नयेत. मुलाला मानसिक त्रास देण्यास अधिनियमाच्या कलम १७ ने मनाई केली आहे आणि भरसभेत मागे पडलेल्या मुलाचे नाव वाचणे त्याला जखम करणारे असते. एकेका मुलाची प्रगती, हजेरी आणि अध्ययनक्षमता पालकांना वेळोवेळी सांगणे हे कलम २४ नुसार शिक्षकांचे स्वतंत्र कर्तव्य आहे.

४.३.३ जमाखर्च

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटसंख्येच्या प्रमाणात संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेच्या कामांवर खर्च होणे अपेक्षित असते. जमाखर्चाची मांडणी पुढीलप्रमाणे करावी :

जमा
आरंभीची शिल्लक – रु. ६,४००
संयुक्त शाळा अनुदान – रु. ५०,०००
ऐच्छिक देणग्या – रु. १२,६००
एकूण – रु. ६९,०००

खर्च
शैक्षणिक साहित्य – रु. १८,०००
छत व खिडक्यांची दुरुस्ती – रु. २२,५००
स्वच्छता व पिण्याचे पाणी – रु. ७,०००
वीजदेयक – रु. ६,०००
वाचनपेटीची पुस्तके – रु. ५,०००
एकूण – रु. ५८,५००
अखेरची शिल्लक – रु. १०,५००

आकडे स्वतः बोलत नाहीत. प्रत्येक मोठ्या रकमेला एका वाक्याची सोबत द्यावी. 'पावसाळ्यात दोन वर्ग गळत होते. समितीच्या जूनच्या सभेतील ठरावानुसार त्यांचे छत दुरुस्त केले' या वाक्यात कारण, निर्णय आणि काम तिन्ही येतात. प्रत्येक खर्चाचे प्रमाणक पाहण्यास उपलब्ध आहे, हेही लिहावे.

'ऐच्छिक देणग्या' या शब्दातील 'ऐच्छिक' हे विशेषण अलंकारासाठी नाही. अधिनियमाने प्राथमिक शिक्षण मोफत केले असल्याने प्रवेशासाठी वा शिकण्यासाठी पैसे मागता येत नाहीत. 'प्रत्येक पालकाने दोनशे रुपये वर्गणी द्यावयाची आहे' या वाक्यातील 'द्यावयाची आहे' हे रूप कर्तव्य लादते. विध्यर्थी क्रियापदाच्या एका रूपाने देणगीची सक्ती होते. 'ज्यांना शक्य व इच्छा आहे, त्यांनी दिलेल्या देणग्या' अशीच रचना योग्य होय.

४.३.४ लोकसहभाग

तिसरे अंग स्वयंसेवेचे. मराठीत त्यासाठी श्रमदान, लोकसहभाग, सहकार्य, योगदान असे अनेक शब्द आहेत आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. मैदान सपाट करणे हे श्रमदान. आठवड्यातून एक तास मुलांना गोष्ट सांगणे हा सहभाग. दुकानदाराने दिलेले रंगाचे डबे ही वस्तुरूप देणगी. अहवालात सर्वांसाठी 'मोलाचे सहकार्य लाभले' असे एकच वाक्य लिहिले, तर कोणी काय केले याची नोंदच उरत नाही.

याहून महत्त्वाचा भेद श्रमदान आणि मानधन यांतील आहे. पोषण आहार शिजवणाऱ्या स्वयंपाकी व मदतनीस स्त्रिया मानधनावर काम करतात. त्यांच्या कामाची नोंद 'मातांच्या सेवाभावी योगदाना'खाली करणे चुकीचे आहे. त्यामुळे त्यांचा मोबदल्याचा हक्क कृतज्ञतेच्या भाषेआड जातो. गौरवाचा शब्द वापरताना तो कोणाचे देणे झाकत तर नाही ना, हे तपासावे.

वेळ देणे सर्वांना सारखे शक्य नसते. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाला दुपारच्या सभेसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते. म्हणून उपस्थितीच्या नोंदीत 'पालकांची उदासीनता' असे कारण लिहिण्यापूर्वी सभेची वेळ लिहावी.

४.३.५ अहवालाची भाषा

कार्यालयीन मराठीत 'करण्यात आले', 'घेण्यात आला' ही रचना फार आढळते. 'कपाट खरेदी करण्यात आले' या वाक्यात काम झाल्याचे कळते, ते कोणी केले हे कळत नाही. 'समितीने कपाट खरेदी केले' या वाक्यात ते कळते. लक्षात घ्या, पारंपरिक व्याकरणाच्या दृष्टीने 'समितीने कपाट खरेदी केले' हाही कर्मणी प्रयोगच आहे; क्रियापद कर्मानुसार चालते. म्हणजे दोष कर्मणी प्रयोगाचा नाही. कर्ता वाक्यातून गळण्याचा आहे. जेथे जबाबदारी निश्चित करावयाची आहे, तेथे कर्ता लिहावा. जेथे कर्ता गौण आहे, उदाहरणार्थ 'शाळा २६ जूनला सुरू झाली', तेथे आग्रह नको.

दुसरा प्रश्न बोलीचा. नागपूरच्या सभेत एखादी आई विचारते, 'पोरगी आता वाचून राहिली का?' प्रमाण मराठीत याला 'वाचत आहे का?' म्हणू. इतिवृत्तात मात्र पुष्कळदा असे उतरते : 'पाल्यांच्या गुणवत्तेबाबत चर्चा झाली.' येथे बोलीचे प्रमाणात रूपांतर झालेले नसून, प्रश्नच नाहीसा झालेला आहे. विचारणारी नाही, मुलगी नाही, वाचणेही नाही. योग्य नोंद अशी : 'तिसरीतील एका मुलीच्या आईने मुलगी आता वाचते का, असे विचारले. वर्गशिक्षकांनी ती परिच्छेद वाचते, असे सांगितले.' लेखन प्रमाण मराठीत असावे. त्यातून बोलणाऱ्याचा आशय मात्र जसाच्या तसा यावा. नागपुरात हिंदी, छत्तीसगढी, गोंडी किंवा उर्दू बोलणारी कुटुंबेही आहेत. तेथे अहवाल मोठ्याने वाचून, गरजेनुसार त्यांच्या भाषेत समजावून देणे हा अहवाल-सादरीकरणाचाच भाग मानावा.

४.४ सारांश

शाळा व्यवस्थापन समितीचा अहवाल अध्ययन-प्रगती, जमाखर्च आणि लोकसहभाग या तीन अंगांनी उभा राहतो. प्रगती कृतीच्या भाषेत, जमाखर्च कारणासह आणि सहभाग नेमक्या शब्दांत लिहावा. मोघम विशेषणे, गळलेला कर्ता आणि बोलीतील प्रश्नाचे विरून जाणे हे अशा लेखनातील प्रमुख दोष होत. ज्या अहवालातून साध्या पालकाला पुढचा प्रश्न विचारता येतो, तो अहवाल यशस्वी समजावा.

४.५ पारिभाषिक शब्द

प्रमाणक – खर्चाचा पुरावा म्हणून जपलेली पावती वा देयक.
विनियोग – मिळालेल्या निधीचा ठरलेल्या कामासाठी वापर.
आकारिक मूल्यमापन – शिकण्याच्या ओघात, वर्षभर केलेले मूल्यमापन.
संकलित मूल्यमापन – सत्राअखेर केलेले एकत्रित मूल्यमापन.

४.६ स्वाध्याय

१. 'अहवालातील मोघम विशेषण प्रश्नाची वाट अडवते.' सोदाहरण स्पष्ट करा.
२. पुढील वाक्ये कर्ता स्पष्ट करून पुन्हा लिहा : (अ) ग्रंथालयासाठी पुस्तके घेण्यात आली. (आ) गळक्या छताबाबत कळविण्यात आले होते.
३. श्रमदान, मानधन आणि ऐच्छिक देणगी यांतील फरक तुमच्या परिसरातील शाळेच्या उदाहरणाने सांगा.
४. क्षेत्रीय कार्य : जवळच्या महानगरपालिका वा जिल्हा परिषद शाळेच्या पालकसभेस परवानगी घेऊन उपस्थित राहा. पालकांनी विचारलेले तीन प्रश्न त्यांच्याच बोलीत टिपून घ्या आणि त्यांची प्रमाण मराठीत अशी नोंद करा की एकही प्रश्न हरवणार नाही.