ड्रायव्हरचा बग सापडलाय? पॅच पाठवण्याआधी जरा थांबा!

समजा, तुम्ही नरसी नामदेवला राहता आणि रोज हिंगोलीच्या कॉलेजात जाता. घरी सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. सगळं मस्त चालतं, फक्त झाकण मिटून पुन्हा उघडलं की वाय-फाय गायब! ड्रायव्हरचा सोर्स कोड खुला आहे, म्हणून दोन रात्री जागून तुम्ही तो वाचता, एक ओळ बदलता आणि वाय-फाय सुरू होतं. आता हा पॅच सगळ्यांसाठी पाठवायचा का?

हात शिवशिवणारच. पण एखादं ॲप चुकलं तर बंद करून पुन्हा उघडता येतं. ड्रायव्हर मात्र थेट हार्डवेअरशी बोलतो. तिथली चूक कुणाचं तरी मशीन कायमचं आडवं करू शकते.

२००८ मध्ये तशीच वेळ आली होती. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी सुरू असताना काही इंटेल नेटवर्क कार्डांच्या मेमरीतली माहिती बिघडू लागली. कार्डं निकामी झाली, रीस्टार्ट करूनही उपयोग होईना. सगळ्यांचं बोट ई१०००ई या ड्रायव्हरकडे! कार्डाची मेमरी लिहिण्यासाठी बंद करणारा पॅच ड्रायव्हरमध्ये टाकला गेला. नुकसान थांबवायला तो गरजेचाच होता. पण शोध तिथे थांबला नाही. शेवटी खरा दोषी निघाला कर्नलचाच दुसरा भाग, एफट्रेस. कोड हटवून मोकळ्या झालेल्या जागी तो लिहायला जात होता आणि त्याच पत्त्यावर आता कार्डाची मेमरी होती. मग २.६.२७.१ मध्ये एफट्रेसची ती सोय बंद केली गेली.

म्हणून पॅच पाठवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, दोष नक्की ड्रायव्हरचाच आहे का? जुन्या कर्नलवर वाय-फाय नीट चालत असेल, तर 'गिट बायसेक्ट' वापरा. प्रत्येक चाचणीत निम्मे बदल बाद होतात, त्यामुळे हजार बदलांतला दोषी साधारण १० चाचण्यांत सापडतो.

दुसरा, इतरांचं काय? एकच ड्रायव्हर अनेक मॉडेल्स चालवतो. तुम्हाला नको असलेली ओळ दुसऱ्या चिपसाठी मुद्दाम लिहिलेली असू शकते. ती का आली, हे गिटच्या इतिहासात बघा.

तिसरा, पुढे सांभाळणार कोण? पॅच स्वतःपुरता ठेवलात, तर कर्नल अपडेट झाला की पुन्हा तीच खटपट. पाठवलात, तर मेंटेनर प्रश्न विचारणार, बदल सुचवणार. उत्तरं द्यायची तयारी हवी.

तिन्ही उत्तरं हाती असतील, तर बिनधास्त पाठवा. पॅच छोटा ठेवा, एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती करा आणि ती का केली ते स्पष्ट लिहा. कर्नलच्या स्टेबल आवृत्त्यांसाठी तर पॅच १०० ओळींपेक्षा मोठा नको, असा नियमच आहे.

आणि उत्तरं नसतील तर? गप्प बसू नका. हार्डवेअरचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती, लॉग आणि बग पुन्हा कसा दिसतो त्या पायऱ्या लिहून रिपोर्ट करा. ते हार्डवेअर मेंटेनरकडे नसेलही, तुमच्याकडे आहे. त्याच्या पॅचची चाचणी मग तुम्हीच करू शकता.