सर्व, काही आणि एकही नाही

वाचकहो, पुढील युक्तिवाद पाहा. सर्व फ्रान्सिस्कन धर्मगुरू दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांनी बांधलेले असतात. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हेही या तीन व्रतांनी बांधलेले होते. म्हणून ते धर्मगुरू होते.

दोन्ही आधारविधाने खरी आहेत, निष्कर्ष मात्र खोटा आहे. दि. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झालेले गोन्सालो हे फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर होते. त्यांना गुरुदीक्षा मिळालेली नव्हती.

मग चूक कोठे झाली? ‘सर्व फ्रान्सिस्कन धर्मगुरू व्रतस्थ असतात’ हे वाक्य आपण नकळत उलटे करून ‘सर्व व्रतस्थ धर्मगुरू असतात’ असे ऐकले. वस्तुतः व्रतस्थांचे वर्तुळ मोठे आहे. त्यात ब्रदर आहेत, धर्मभगिनीही आहेत. तर्कशास्त्रात यास अव्याप्त मध्यपदाचा दोष म्हणतात. अशा युक्तिवादांचे नियम ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने इ. स. पूर्व चौथ्या शतकातच मांडून ठेवले आहेत.

हा दोष फसवा आहे, कारण त्यातून कधी कधी सत्यही बाहेर पडते. गोन्सालो यांच्या जागी त्यांच्यासमवेत रक्तसाक्षी झालेले संत पीटर बॅप्टिस्ट यांचे नाव घाला. ते खरोखर धर्मगुरू होते. परंतु हे आपणांस इतिहासामुळे कळते, वरील युक्तिवादामुळे नव्हे.

संतांविषयी अशी चूक झाली तर फारसे बिघडत नाही. मात्र गावात चोऱ्या होतात, पकडलेले सर्व चोर परगावचे निघतात आणि शेजारचा भाडेकरूही परगावचा असतो. साचा अगदी तोच! फरक इतकाच की, येथे एका निरपराध कुटुंबाला खोली सोडावी लागते.

आणखी एक घोळ आपल्या भाषेतच आहे. ‘सर्व तरुण मिस्साला येत नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : एकही तरुण येत नाही, किंवा काही येतात व काही येत नाहीत. पहिला अर्थ खोटा ठरविण्यास नियमित येणारा एकच तरुण पुरेसा आहे. दुसऱ्याला त्याने काहीही बाध येत नाही. पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्तात असे वाक्य आले की वाद होणारच. आमच्या मते तेथे ‘काही तरुण येत नाहीत’ असे लिहावे, आणि मोजदाद केली असेल तर सरळ आकडाच द्यावा.