करंगळीजवळचं बोट

सकाळचे साडेनऊ वाजलेत आणि सक्करदरा चौक तापून निघालाय. उड्डाणपुलाखालची सावली ऑटोवाल्यांनी धरून ठेवली आहे. ताजबागकडे जाणाऱ्यांना हाका चालू आहेत. आज बुधवार, म्हणजे बाजाराचा दिवस. हातगाड्यांवर कैऱ्या, टरबुजं, कांद्यांची पोती. कुणी डोक्याला दुपट्टा गुंडाळलाय, कुणी ओला टॉवेल.

बाजाराच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागूनच एका खोलीत ऑनलाइन सेंटर. इथेच फॉर्म भरले जातात आणि इथेच बँकेचे पैसे अंगठा लावून मिळतात. शटर अजून अर्धंच वर गेलंय. दारासमोर रांग लागली आहे, पण रांगेत माणसं कमी आणि पिशव्या जास्त. एक चपलेचा जोड. एक विटेचा तुकडा, त्याखाली दाबलेला कागद. एक रिकामी पाण्याची बाटली. आपापला नंबर या वस्तूंच्या हवाली करून सगळे समोरच्या कडुलिंबाखाली बसलेत. कुणी कुणाची पिशवी हलवत नाही. अशा रांगांत मीही आईसोबत उभी राहिलेली आहे. हा नियम कुणी शिकवत नाही, तो पाळला जातो.

झाडाखाली एक आजी बसली आहे. सत्तरीच्या पुढची. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी, तिच्या आत रुमाल. रुमालात कागद. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो, आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. तो घडीवर इतका झिजलाय की उजेडात धरला तर मधून ऊन दिसतं. घराचा सगळा कारभार या रुमालात आहे. आजी तो दर थोड्या वेळाने चाचपून बघते.

‘मॅसेज आला म्हणते नातू,’ ती शेजारणीला सांगते. ‘पैसे पडले म्हणते. पण हाती आल्याशिवाय काय खरं माय?’

पैसे म्हणजे श्रावणबाळचे १,५०० रुपये, महिन्याचे. पासष्ट वर्षं पूर्ण झालेल्या निराधार म्हाताऱ्यांना श्रावणबाळ, त्याहून लहान वयाच्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराच्या माणसांना संजय गांधी निराधार. रांगेत कुणी योजनेचं पूर्ण नाव घेत नाही. ‘तुमचं श्रावणबाळ का संजय गांधी?’ एवढंच विचारतात, जणू गावाचं नाव विचारावं तसं. २०२३पर्यंत हे १,००० होते, त्याआधी कितीतरी वर्षं ६००.

शटर वर जातं. आत कूलर घरघरतो, त्याच्या वाळ्याचा ओलसर वास दारापर्यंत येतो. पिशव्या उचलल्या जातात, माणसं आपल्या जागी उभी राहतात. काउंटरवर विशीतला पोरगा. एक संगणक, एक प्रिंटर, आणि काडेपेटीहून थोडं मोठं अंगठ्याचं यंत्र, ज्यातून लाल उजेड येतो.

‘लिंक नाही आहे जी. पाच मिनिटं थांबा.’

पाच मिनिटांची पंचवीस होतात. भिंतीला टेकून एक बाई उभी आहे, तिशीचीही नसेल. कडेवर मूल, दुसरं पदराला धरून. नवरा मागच्या पावसाळ्यात गेला, रंगकाम करायचा. ती फक्त संजय गांधीचा फॉर्म भरायला आली आहे. मागची मावशी तिला विचारते, ‘वीस हजाराचा भरला का?’

‘कोणता?’

कमावता माणूस साठीच्या आत गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असलं, तर कुटुंबाला एकदाच २०,००० रुपये मिळतात. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. मावशी पुढे सांगते, बाप नसलेल्या पोरांसाठी बालसंगोपन म्हणून वेगळी योजना आहे, पोरामागे महिन्याला २,२५०. त्याचं ऑफिस वेगळं, कागद वेगळे. बाई मोबाइलवर लिहून घ्यायला जाते, मूल मोबाइल ओढतं. मग पुढचा एक काका खिशातलं बॉलपेन काढतो आणि तिच्या झेरॉक्सच्या पाठीवर सगळं लिहून देतो. अक्षर मोठं, ठळक. मला हे पाहताना बरंही वाटतं आणि रागही येतो. आठ-दहा महिने ही बाई दोन पोरं घेऊन धुण्याभांड्याची कामं करते आहे, आणि तिच्या हक्काची गोष्ट तिला रांगेतल्या मावशीकडून कळते.

‘लिंक आली!’ पोरगा ओरडतो. रांग अंग सावरते.

फॉर्म भरताना तो सगळ्यांना तेच विचारतो. ‘उत्पन्न किती लिहू?’ श्रावणबाळ आणि संजय गांधी, दोन्ही योजनांना कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये. दिव्यांगांना ती ५०,००० आहे. मी मनातल्या मनात भाग देते. महिन्याचे साडेसतराशे. दिवसाचे सत्तावन्न. मघाशी बाजारात ज्या टरबुजाला हात लावला, ते याहून महाग होतं. या चौकात धुणीभांडी करून पोट भरणारी कुठलीही बाई या आकड्यात बसत नाही आणि तरी ती निराधारच असते. काउंटरपाशी प्रत्येक बाई इथे क्षणभर गप्प होते.

आजीचा नंबर येतो. ती उजवा अंगठा यंत्रावर ठेवते. लाल. पुसून पुन्हा. लाल.

‘आजी, जोरात नका दाबू.’

ती अंगठा केसांवरून फिरवते, तेलाचा हात लागावा म्हणून. लाल. पोरगा ओलं फडकं देतो, मग कोरडं. मी जवळून तिचा हात बघते. अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं काचेसारखी गुळगुळीत. चाळीस वर्षं तिने विड्या वळल्या. तेंदूपत्ता भिजवायचा, कैचीने कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोरा बांधायचा आणि टोक अंगठ्याच्या नखाने आत दाबायचं. दिवसाला हजार वेळा. रेषा त्या पानांवर गेल्या. आता तीच ती आहे हे सांगायला यंत्राला त्या रेषा हव्यात.

मागे कुणी कुरकुरत नाही. सगळ्यांना माहीत आहे, आपल्यालाही हे होऊ शकतं.

‘दुसरं बोट द्या. आता हे. आता डावा हात.’

डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट. यंत्र थोडा विचार केल्यासारखं थांबतं. हिरवा उजेड. कडुलिंबाखालून कुणीतरी म्हणतं, ‘घेतलं वं!’ आजी मात्र हसत नाही, ती नोटांकडे बघते आहे. पाचशेच्या तीन. ‘एक मोडून दे न बाबू.’ पोरगा शंभराच्या पाच मोजतो. मग तिचा डावा हात धरून त्या बोटावर बॉलपेनने निळा ठिपका काढतो. ‘आजी, आता कुठंही गेले तर हेच बोट द्या.’

साडेअकरा. डांबर चपलेला चिकटतं. आजी पदर डोक्यावर ओढून कंट्रोलकडे, म्हणजे रेशनच्या दुकानाकडे निघते, मी तिच्याबरोबर. वाटेत औषधाचं दुकान लागतं, तिथे ती बी.पी.च्या गोळ्यांची एकच पट्टी घेते. ‘पुरी डबी कायले? पुढच्या महिन्यात घेईन.’

कंट्रोलसमोर पुन्हा रांग, पुन्हा पिशव्या. २०२३च्या जानेवारीपासून हे धान्य फुकट मिळतं. प्राधान्याच्या कार्डावर माणशी पाच किलो, अंत्योदयच्या कार्डावर घराला पस्तीस. तागडीवर गहू ओतल्याचा आवाज दर दोन-तीन मिनिटांनी येतो आणि उन्हात धुळीचा पट्टा दिसतो. दुकानदार कार्ड घेतो, पॉस मशीन पुढे सरकवतो.

आजी डावा हात वर करते. घामाने ठिपका पुसला गेलाय. ती करंगळीपासून मोजते. एक, दोन. बोट पदराला पुसते, काचेवर हलकेच टेकवते आणि श्वास धरून उभी राहते.

यंत्रातून पावती सरकते.

मागे आणखी एक म्हातारी उभी आहे, तिचीही बोटं तशीच. आजी वळून तिला आपलं बोट दाखवते. ‘अंगठा नको देऊ माय. हे देऊन पाय.’