प्रवाळांची टाकी आणि पाण्याचा ओघ

पिकाला पाणी किती द्यावे, केव्हा द्यावे व कोणत्या वाटेने द्यावे, याचा विचार आपला शेतकरी पिढ्यानपिढ्या करीत आला आहे. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून वाढणाऱ्या प्रवाळाचे, म्हणजेच पोवळ्याचे जीवनही पाण्याच्या अशाच हिशेबावर अवलंबून असते. मात्र त्याच्यापुढे पाणी कमी पडण्याचा प्रश्न नसतो. ते पाणी सतत खेळते राहणे ही त्याची गरज असते. काचेच्या टाकीत खारे पाणी भरून त्यात प्रवाळ ठेवले आणि पाणी स्थिर राहिले, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी प्रवाळ तग धरीत नाहीत.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात प्रवाळ आहेत. हा भाग 1987 साली मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक हा प्रवाळांनी समृद्ध असा समुद्रातील उंचवटा आहे. किनारपट्टीवरील ग्रामपातळीच्या कार्यकर्त्यांना प्रवाळांविषयी व खाऱ्या पाण्यातील शोभेच्या माशांविषयी माहिती असणे म्हणूनच अगत्याचे आहे. प्रवाळांसाठी जोरदार ओघाची टाकी कशी बांधतात, तिचा उपयोग कोणी व कशासाठी करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रवाळाला ओघ कशासाठी हवा?

प्रवाळ दिसतो दगडासारखा, परंतु तो प्राणी आहे. पॉलिप नावाचे असंख्य लहान जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा तयार करतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळास देते. प्रवाळाला जागा सोडून अन्नाच्या शोधात जाता येत नाही. अन्नाचे कण व प्राणवायू त्याच्यापर्यंत आणणे, आणि त्याची घाण व त्याने सोडलेला बुळबुळीत स्राव दूर नेणे, ही दोन्ही कामे पाण्यालाच करावी लागतात.

कोणत्याही पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. ओघ मंद असेल तर हा थर जाड होतो व देवाणघेवाण मंदावते. रात्री प्राणवायू कमी पडतो. उलट भर उन्हात शैवालाने सोडलेला प्राणवायू पेशींत प्रमाणाबाहेर साठून अपाय करतो. ओघ जोराचा असला म्हणजे हा थर पातळ होतो व दोन्ही दोष टळतात. 1998 साली समुद्राचे पाणी तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले. त्यानंतर जपानमधील ओकिनावा येथे झालेल्या व 2001 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, तेवढ्याच उष्ण पाण्यात जोरदार ओघातील प्रवाळ मंद ओघातील प्रवाळांपेक्षा अधिक चांगले टिकले.

हे तंत्र कसे वाढले?

इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी 1961 च्या सुमारास जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्या साधनांवर खाऱ्या पाण्याची टाकी चालवून दाखविली. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गेतिहास संग्रहालयात वॉल्टर एडी यांनी 1980 मध्ये प्रवाळखडकाची लहान प्रतिकृती उभी केली. तेथे पाण्याने भरताच आपोआप उलटणाऱ्या बादल्यांच्या साहाय्याने लाटा निर्माण केल्या जात. हवाई बेटांतील वायकिकी मत्स्यालयाच्या ब्रूस कार्लसन यांनी तेच काम सायफनवर करून घेतले. कालव्यातील पाणी वाकड्या नळीने वाफ्यात घेणाऱ्या शेतकऱ्यास हे तत्त्व नवे नाही.

टाकीची बांधणी

उदाहरणादाखल 120 सेंटीमीटर लांब, 60 रुंद व 60 उंच अशी टाकी घेऊ. तिच्यासाठी 12 मिलीमीटर जाडीची काच वापरावी, सांधे सिलिकोनने जोडावेत आणि वरच्या कडांना काचेच्या आडव्या पट्ट्या बसवाव्यात. पाणी काठोकाठ न भरता 52 सेंटीमीटरपर्यंत भरावे. खडकांनी व्यापलेली जागा वजा जाता तीत सुमारे 350 लिटर पाणी मावेल. पाणी, काच, खडक, खालची टाकी व घडवंची मिळून वजन साडेसहाशे किलोग्रॅमच्या आसपास जाते. म्हणून जमीन पक्की व घडवंची पाणसळीत असली पाहिजे. काचेखाली थर्माकोलची पातळ चादर अंथरावी.

घडवंचीच्या आत 150 लिटरची दुसरी टाकी ठेवावी. वरच्या टाकीच्या काठावरून सांडलेले पाणी खालच्या टाकीत उतरते, तेथे गाळले जाते व पंपाने परत वर येते. याच टाकीत स्किमर बसवावा; तो बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर पाण्यातील सेंद्रिय मळ काढून टाकतो.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे थोडे पाणी खाली उतरते. पातळी अवघी 3 सेंटीमीटर खाली आली तरी ते सुमारे 22 लिटर होते. एवढे पाणी सामावण्यासाठी खालची टाकी निम्मीच भरलेली असावी. पाणी परत आणणाऱ्या नळीचे तोंड पृष्ठभागापासून फार खाली नेऊ नये. अन्यथा पंप थांबताच तीच नळी उलटा सायफन होऊन टाकी उपसून टाकते. टाकी चालू केल्यावर पंप मुद्दाम बंद करून ही परीक्षा अवश्य घ्यावी.

नळ पीव्हीसीचे असावेत. पितळी झडपा किंवा तांब्याचे कोणतेही जोड वापरू नयेत. तांबे अत्यल्प प्रमाणातही प्रवाळांना विषारी ठरते. याच कारणास्तव मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण कालविलेली बादली या कामी कधीही आणू नये.

ओघाचा हिशेब

दगडी प्रवाळांसाठी टाकीतील पाण्याच्या 20 ते 40 पट पाणी दर तासाला फिरते असावे, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. 350 लिटरला हे प्रमाण ताशी 7,000 ते 14,000 लिटर होते. खालच्या टाकीतून वर येणारा पंप ताशी 2,000 ते 2,500 लिटरचा पुरे. उरलेले काम टाकीतच बसविलेल्या पंख्याच्या पंपांकडून घ्यावे. हे पंप पाणी उंच चढवीत नाहीत, केवळ ढकलतात. म्हणून त्यांना वीज थोडी लागते. दोन्ही टोकांना प्रत्येकी 8,000 ते 10,000 लिटरचा एकेक पंप बसवून, वेळयंत्राच्या साहाय्याने ते दर सहा तासांनी आलटून पालटून चालवावेत. भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची दिशा बदलली म्हणजे प्रवाळाच्या सर्व बाजूंस पाणी पोहोचते. पंपाचा सरळ झोत मात्र प्रवाळावर येऊ देऊ नये. तो समोरच्या काचेवर आपटून पसरावा.

लाटेचा परिणाम साधावयाचा असल्यास टाकीच्या वर 40 लिटरचे प्लास्टिकचे पिंप ठेवून त्यात 32 ते 40 मिलीमीटर व्यासाची वाकविलेली पीव्हीसी नळी बसवावी. लहान पंपाने ताशी 1,200 लिटर पाणी सोडल्यास पिंप दोन मिनिटांत भरते. पाणी नळीच्या बाकावर चढताच सायफन सुरू होतो व साधारण 25 सेकंदांत पिंप रिकामे होते. पंपापेक्षा जवळजवळ पाचपट जोराचा हा लोंढा असतो. पाणी फार हळू सोडल्यास ते बाकावरून नुसते ओघळते व सायफन धरत नाही, हे ध्यानात ठेवावे. 40 लिटर पाणी एकदम आल्याने टाकीची पातळी साडेपाच सेंटीमीटरपर्यंत चढू शकते. टाकी वरून 8 सेंटीमीटर रिकामी ठेवावयाची ती याच कारणासाठी.

खडकांची रास भिंतीसारखी सलग न रचता मध्ये वाटा ठेवाव्यात. एखाद्या कोपऱ्यात घाण साचू लागली, तर तेथे ओघ पोहोचत नाही असे समजावे. पॉलिप डोलत असतील तर ओघ योग्य आहे. ते सतत मिटून राहत असतील किंवा मांसल भाग सांगाड्यापासून सुटत असेल तर ओघ प्रमाणाबाहेर आहे. फांद्यांच्या ॲक्रोपोरा जातींना जोराचा ओघ मानवतो, मऊ व मांसल प्रवाळांना बेताचा. सर्व पिकांना जसे सारखे पाणी नसते, तसेच येथेही आहे.

पाणी, चुना व उष्णता

पाण्याची क्षारता दर हजारी 35 भाग, तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस व सामू 8.1 ते 8.4 असावा. समुद्राचे पाणी आणावयाचे झाल्यास पावसाळ्यात किंवा खाडीच्या मुखाशी घेऊ नये; त्या वेळी व त्या जागी ते गोडे व गढूळ झालेले असते. कृत्रिम पाणी करावयाचे असल्यास शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्रक्षारांचे तयार मिश्रण दर लिटरला सुमारे 35 ते 38 ग्रॅम घालावे. स्वयंपाकाचे किंवा मिठागरातील मीठ चालत नाही, कारण मॅग्नेशियमसारखे आवश्यक क्षार त्यात पुरेशा प्रमाणात नसतात.

अशा टाकीतून दररोज तीन-चार लिटर पाण्याची वाफ होते. पाणी उडते, मीठ मागे राहते. खारवट जमिनीत क्षार वर येऊन साचतात तोच हा प्रकार होय. म्हणून ही तूट नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

वाढणारे प्रवाळ पाण्यातील चुना सतत शोषून घेतात. कॅल्शियमचे प्रमाण दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम राखावे. त्यासाठी चुन्याची निवळी हा जुना व स्वस्त उपाय आहे. शुद्ध कळीच्या चुन्याची भुकटी दर लिटर गोड्या पाण्यात सुमारे दीड ग्रॅम कालवून खाली बसू द्यावी आणि वरची निवळी वाफेची तूट भरण्यासाठी रात्री थेंबाथेंबाने सोडावी. निवळी दाहक असते. ती एकदम ओतल्यास सामू वाढून प्रवाळ मरतात.

नव्या टाकीत चार ते सहा आठवडे कोणताही प्राणी सोडू नये. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू असतात, तसेच जीवाणू खडकांवर वाढावे लागतात. अमोनिया व नायट्राइट तपासणीत शून्य आल्यावरच टाकी तयार झाली असे मानावे.

कोकणात उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर सहज जाते. दमट हवेत पंख्याने पुरेसा थंडावा येत नाही. शीतयंत्र लागते व त्याचा विजेचा खर्च मोठा असतो. वीज खंडित झाल्यास काही तासांतच प्राणवायू घटतो. निदान एक ओघपंप बॅटरीवर चालेल अशी सोय प्रारंभीच करावी. खाऱ्या पाण्याजवळ विजेचा धोका अधिक असतो. म्हणून भूसंपर्क तार व गळती होताच वीज तोडणारा स्विच अनिवार्य समजावा. तारेचा वळसा खटक्याच्या पातळीखाली सोडावा, म्हणजे ओघळणारे पाणी खटक्यात शिरणार नाही.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत 2001 सालापासून दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ व समुद्रपंखे यांचा समावेश आहे. ते समुद्रातून काढणे, बाळगणे वा विकणे हा गंभीर गुन्हा आहे. जाळ्यात अडकून आलेला वा किनाऱ्यावर मेलेला तुकडा उचलून विकणेही यातून सुटत नाही. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. तेव्हा प्रवाळ ठेवण्याची टाकी हे रीतसर परवानगी असलेल्या संशोधन व शिक्षणसंस्थांचे काम होय. कोणी व्यापारी पोवळ्याच्या तुकड्याला चांगली किंमत देऊ लागला, तर मच्छीमार बंधूंनी त्यास स्पष्ट नकार द्यावा व वनविभागास कळवावे.

मग आपल्या तरुणांना या तंत्राचा उपयोग काय? हीच टाकी, हाच पाण्याचा हिशेब बेताच्या ओघाने विदूषक माशांच्या संगोपनास लागू पडतो. या माशांची बंदिस्त जागेत पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. बीजकेंद्रातील पिल्ले घेऊन, सिमेंटचे खडक ओतून टाकी सजविल्यास समुद्रातील एकही जीव तोडावा लागत नाही. असे खडक मात्र महिना-दीड महिना गोड्या पाण्यात बुडवून, पाणी वरचेवर बदलून, त्यांचा अल्क निघून गेल्यावरच वापरावेत.

टाकीतील प्रवाळ हे आता केवळ शोभेचे राहिलेले नाहीत. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात तापमान, दिवसमान व चंद्रप्रकाश यांची हुबेहूब नक्कल करून 2013 साली प्रवाळांकडून ठरविलेल्या वेळी बीजोत्सर्ग घडवून आणण्यात आला. फ्लोरिडा मत्स्यालयात 2019 मध्ये संकटग्रस्त स्तंभप्रवाळांनी प्रयोगशाळेत प्रथमच बीज सोडले. एप्रिल 2024 मध्ये प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक आपत्ती जाहीर झाली. या पार्श्वभूमीवर अशा टाक्या म्हणजे बियाणे राखून ठेवणारी कोठारेच होत. परंतु कोठारातील बियाण्यास अखेरीस शेत लागतेच. प्रवाळांचे शेत समुद्र आहे. नौकेचा नांगर प्रवाळांवर न टाकणे, पाण्यात उतरलेल्या पर्यटकास त्यांवर उभे न राहू देणे आणि ओढ्यातून समुद्राकडे जाणारा गाळ व कचरा बांधावरच अडविणे, ही कामे मात्र कोणत्याही यंत्रावाचून आजच सुरू करता येण्याजोगी आहेत. किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने ती आपली मानावीत.