चार्जर घेताना दिवे मोजा

आमच्या घरात दोन टॉर्च, एक रेडिओ आणि मुलांची खेळणी. सेलचा खर्च परवडेना म्हणून आम्ही पुन्हा चार्ज होणारे चार सेल घेतले आणि त्यांच्यासोबत नाक्यावरचा स्वस्तातला चार्जर. रात्री लावून झोपलो. पहाटे हात लावला तर सेल चटका बसावा इतके तापलेले! सहा महिन्यांत चारही निकामी झाले. दुकानदाराने दोष सेलला दिला, पण दोष चार्जरचा होता.

असा चार्जर सेल भरला तरी वीज सोडतच राहतो. चांगला चार्जर सेलच्या व्होल्टेजवर लक्ष ठेवतो. सेल पूर्ण भरला की व्होल्टेज किंचित उतरते, ते ओळखून तो वीज तोडतो. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा : सेल भरल्यावर आपोआप थांबतो का?

मग दिवे मोजावेत. चार खाचांना चार दिवे असले तर बहुधा प्रत्येक सेल वेगळा भरला जातो. दोनच असले तर सेल जोडीने लावावे लागतात, आणि जोडीतला एक अर्धा भरलेला असला की तो फुकट तापतो.

खोक्यावरचा आकडाही वाचावा. २००० एमएएचचा सेल २०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर भरायला बारा-चौदा तास लागतात. घरी रात्रभर लावायला हे चालते. तासाभरात भरून देणारा मात्र सेल जास्त तापवतो, आम्ही त्याच्या नादी लागत नाही.

प्रवासासाठी चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलेले हवे. आपल्या घरी २३० व्होल्ट असतात, रेल्वेच्या अनेक डब्यांतल्या सॉकेटला ११०. मोबाईलच्या वायरीवर चालणारा मिळाला तर पिशवीत ओझे कमी.

साधे सेल मात्र या चार्जरमध्ये कधीही घालू नयेत, ते गळतात, फुटूही शकतात. मुलांना हे आधी सांगावे. भिंतीवरच्या घड्याळाला साधाच सेल बरा, तो वर्षभर सहज पुरतो.

आमचा नवा चार्जर महाग पडला खरा. पण सेल आता कोमटच राहतात.