थिबा राजा : मंडालेहून रत्नागिरीला

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा 1878 मध्ये मंडालेच्या गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी, गादीला दावेदार उरू नये म्हणून, राजघराण्यातील अनेकांची कत्तल झाली. तिचा सूत्रधार राजा नव्हे, त्याची सासू असावी.

सागाच्या ओंडक्यांवरील महसूल बुडवल्याबद्दल ह्लुटडॉने, म्हणजे राजाच्या मंत्रिमंडळाने, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला जबर दंड ठोठावला आणि इंग्रजांना युद्धाचे आयते निमित्त मिळाले. खरी धास्ती मात्र फ्रेंचांची होती. नोव्हेंबर 1885 मध्ये जेमतेम पंधरवड्यात मंडाले पडले आणि राजाराणीला बैलगाडीतून इरावतीच्या काठी बोटीकडे नेण्यात आले.

इंग्रजांनी थिबाला हद्दपार करून रत्नागिरीत ठेवले. तिथे 1910 मध्ये बांधून झालेला थिबा पॅलेस त्याला मृत्यूपर्यंत सहाच वर्षे लाभला. राणी सुपयालतला 1919 मध्ये परत जाऊ दिले, पण रंगूनला, मंडालेला नव्हे.